अराबा आणि जुनी फोक्सवॅगन

उर्दूत अराबा म्हणजे गाडा. तुर्कीत आज मोटारीलाही हाच शब्द आहे. इब्न बतूता क्रिमियाकडून गवताळ मुलखात निघाला, तेव्हा त्याने स्वतःसाठी नमद्याने मढवलेला अराबा घेतला होता. चालत्या गाड्यात झोपता येते, जेवता, वाचता-लिहिताही येते, असे तो सांगतो. (त्याच गाड्यात त्याची एक गुलाम मुलगीही होती. हे सांगायला आपण कचरतो.) १३३३ मध्ये तो सिंधूकाठी पोचला.

१९६०-७० च्या काळात युरोपातली पोरं खूप धावलेली जुनी फोक्सवॅगन विकत घेऊन इस्तंबूल, तेहरान, हेरात, काबूल, लाहोरमार्गे थेट गोव्याला यायची. इंजिन मागे आणि हवेने थंड होणारे, त्यामुळे रेडिएटरची कटकट नाही. कटकट होती कागदाची. कार्नेटवर आणलेली गाडी परत नेली नाही तर जबर जकात पडे. म्हणजे गाडी आपली, पण इथे सहजासहजी विकता येत नसे.

१९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ही वाट बंद झाली. आज वर्गात हेरातचे नाव घेतले की मुले युद्धाबद्दलच विचारतात. तिथे मुसाफिर गाडी थांबवून निवांत चहा प्यायचे, हे मला मुद्दाम सांगावे लागते.