'ब्लॅक बॉय': वगळलेले शिकागो
रिचर्ड राइट यांचे 'ब्लॅक बॉय' हे आत्मकथन १९४५ साली प्रसिद्ध झाले, पण अपुरे. अमेरिकेच्या दक्षिणेतील उपाशी बालपण तेवढे राहिले. १९२७ मध्ये एकोणिसाव्या वर्षी शिकागोला पोचलेल्या कृष्णवर्णीय तरुणाची हकिकत, उपाहारगृहातील भांडी, कम्युनिस्ट पक्षाशी जवळीक आणि फारकत, हे सारे 'बुक ऑफ द मंथ क्लब'च्या आग्रहाने गळाले. साहजिकच पुस्तक उत्तरेकडे निघालेल्या तरुणाच्या आशेपाशी थांबते आणि वर्णद्वेष जणू दक्षिणेपुरता उरतो. मिसिसिपीचे सिनेटर बिल्बो यांनी त्याला अश्लील ठरवले; खप मात्र प्रचंड झाला. आमच्या मते त्या खपात उत्तरेच्या निश्चिंतपणाचाही वाटा असावा. शिकागोचा भाग 'अमेरिकन हंगर' म्हणून १९७७ मध्ये, राइट यांच्या निधनानंतर सतरा वर्षांनी आला. दोन्ही भाग एकत्र वाचायला १९९१ उजाडावे लागले.