कायम करणे

सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस घ्या किंवा एखाद्या वाचनालयाच्या सभेची. पहिला विषय बहुधा ठरलेलाच असतो: ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ दोन-चार जण ‘मंजूर, मंजूर’ म्हणतात आणि सभा पुढे सरकते. मला हा ‘कायम’ फार आवडतो. तो अरबीतून फारसीच्या वाटेनं मराठीत आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘उभा असलेला’. इंग्रजी सभांतही अध्यक्ष हेच म्हणतात: इतिवृत्त मंजूर होऊन ‘उभं’ आहे. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच क्रियापद निवडलं.

आपण ज्याला ‘मिनिट्स’ म्हणतो त्याचा घड्याळाशी थेट संबंध नाही. लॅटिनमध्ये ‘मिनुटा’ म्हणजे बारीक. सभेत बसून बारीक अक्षरात घेतलेलं कच्चं टिपण, जे नंतर मोठ्या अक्षरात साफ लिहून काढायचं, ते मिनिट्स. म्हणजे दुरुस्तीची वाट त्या शब्दाच्या जन्मापासूनच उघडी आहे.

पण दुरुस्ती कोणी करायची? इंग्लंडच्या कॉमन्स सभागृहाची नोंदवही 1547 पासूनची आहे. 18 डिसेंबर 1621 रोजी सभासदांनी त्या वहीत एक निवेदन नोंदवलं: राज्यकारभाराच्या कोणत्याही विषयावर मोकळेपणानं बोलणं हा आमचा जन्मसिद्ध हक्क आहे. राजा पहिला जेम्स याला ते सोसलं नाही. त्यानं वही मागवली आणि 30 डिसेंबरला ते पान स्वतःच्या हातानं फाडून काढलं. सभागृहात त्याच्या सैनिकांनी गोंधळ घातला असता, तरी त्याची इतकी आठवण राहिली नसती, असं मला वाटतं. वहीवरचा हात सभेच्या स्मृतीवर पडतो. निवेदनाचा मजकूर मात्र प्रतींमधून टिकला.

दोन शतकांनी अमेरिकेच्या सिनेटपुढे असाच पेच आला. 1834 मध्ये सिनेटनं राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या निंदेचा ठराव केला होता. पुढे बहुमत फिरलं आणि जॅक्सन यांच्या समर्थकांना तो वहीतून घालवायचा होता. पण प्रत्येक सभागृहानं आपली नोंदवही ठेवावी, असं राज्यघटनाच सांगते. विरोधकांनी याच कलमावर बोट ठेवलं. अखेर 16 जानेवारी 1837 रोजी 24 विरुद्ध 19 मतांनी निर्णय झाला. सचिवांनी त्या ठरावाभोवती काळ्या रेघांची चौकट काढली आणि आडवं लिहिलं: सिनेटच्या हुकमानं रद्द. पान जागेवर राहिलं. जेम्सपेक्षा ही रीत कितीतरी सभ्य होती. तरीही त्यांनी नोंद चुकीची होती असं म्हटलं नव्हतं. त्यांना तो निर्णयच नको होता. इतिवृत्ताच्या दुरुस्तीत हीच गल्लत अजूनही होते.

ती गल्लत दूर करायला हेन्री मार्टिन रॉबर्ट यांची नियमावली फार उपयोगी पडली. हे लष्करातले अभियंते. 1863 मध्ये न्यू बेडफर्डच्या एका चर्चसभेचं अध्यक्षपद अचानक गळ्यात पडलं, सभा हाताबाहेर गेली, आणि त्यांनी नियमांचा अभ्यास सुरू केला. 1876 मध्ये पुस्तक निघालं. त्या परंपरेत इतिवृत्तात सभेनं काय केलं ते लिहायचं, कोण काय बोललं ते नव्हे. अध्यक्ष विचारतात, ‘काही दुरुस्ती?’ कोणी बोललं नाही, तर मतदान न घेताच ते मंजूर. मागच्या सभेला गैरहजर असलेल्यालाही दुरुस्ती सुचवता येते. वर्षांनंतर चूक सापडली, तरी सभा ती सुधारू शकते.

म्हणून आपल्याकडे ‘कायम करणे’ हा विषय निघाला की कोणीतरी उठून ‘तो खर्च मला मान्य नव्हता’ असं म्हणतं, तेव्हा अध्यक्षांनी शांतपणे सांगावं: खर्च तेव्हा मंजूर झाला होता का, एवढंच इथे पाहायचं, तो नको असेल तर नवा ठराव आणा. आणि ‘पन्नास हजार’ऐवजी ‘पाच हजार’ लिहिलं गेलं असेल, तर ‘पाच’वर एकच रेघ मारून वर ‘पन्नास’ लिहावं, बाजूला अध्यक्षांची सही आणि तारीख. खालचा ‘पाच’ वाचता आला पाहिजे.