फावर-ल्यूबा

फावर-ल्यूबा (बोलीभाषेत ‘फेवर लुबा’) ही स्वित्झर्लंडमधील घड्याळे तयार करणारी एक जुनी कंपनी आहे. दीर्घकाळ एकाच घराण्याकडे राहिलेल्या या कंपनीने १८६५ मध्ये मुंबईत व्यापार सुरू केला. भारतात स्विस घड्याळे रुजवणाऱ्या पहिल्या कंपन्यांत तिची गणना होते.

स्थापना

ज्यूरा पर्वतातील ल लोक्ल या गावी आब्राम फावर नावाचा घड्याळजी असल्याची नोंद १७३७ च्या एका दस्तऐवजात आहे. कंपनी तेच आपले स्थापनावर्ष मानते. काटेकोरपणे पाहता ती घराण्याच्या व्यवसायाची पहिली नोंद होय. जोडनाव मिळाले ते ऑग्यूस्त फावर व व्यापारी ऑग्यूस्त ल्यूबा यांच्या १८१५ मधील भागीदारीमुळे. पुढे फ्रिट्झ फावर याचा विवाह ल्यूबा घराण्यातील कन्येशी झाला आणि भागीदारीला सोयरिकीची जोड मिळाली.

मुंबईतील व्यापार

फ्रिट्झ भारतात आला तेव्हा सुएझ कालवा खुला होण्यास चार वर्षे अवकाश होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात मुंबईने कापसावर अमाप पैसा मिळवला होता. १८६५ मध्ये ते युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि सट्ट्यात गुंतलेल्या अनेक पेढ्या बुडाल्या. अशा वर्षी आलेली परकी पेढी येथे टिकून राहिली, हे लक्षणीय आहे.

विसाव्या शतकात ‘सी किंग’ व ‘सी चीफ’ ही तिची चावीची मनगटी घड्याळे भारतात घरोघरी पोहोचली. आज जुन्या बाजारात याच नावांची जी घड्याळे भडक रंगाच्या, कोऱ्या करकरीत तबकडीसह मिळतात, त्यांपैकी पुष्कळांची तबकडी नंतर रंगवलेली असते. यंत्र आणि केसही एकाच घड्याळाचे असतील असे नाही. संग्राहकाने मागचे झाकण उघडून पाहिल्याखेरीज खरेदी करू नये.

तांत्रिक कामगिरी

१९६२ चे ‘बिव्हूआक’ हे या कंपनीचे सर्वांत प्रसिद्ध घड्याळ. उंचीवर हवेचा दाब कमी होतो. घड्याळातील निर्वात धातूची डबी त्यानुसार फुगते आणि तिच्या हालचालीने काटा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. हे सर्व विजेविना, मनगटावर मावेल एवढ्या जागेत साधले होते. १९६८ च्या ‘बॅथी’ने पाणबुड्यांसाठी खोली मोजण्याची सोय केली.

घराण्याबाहेर

डिसेंबर १९६९ मध्ये जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. स्वस्त आणि अधिक अचूक क्वार्ट्झपुढे असंख्य स्विस कारखाने बंद पडले. या लाटेत फावर घराण्यालाही १९८० च्या दशकात कंपनी विकावी लागली. त्यानंतर मालक वारंवार बदलले. २०११ मध्ये टाटा समूहातील टायटनने हे नाव विकत घेतले आणि २०१७ मध्ये ९,००० मीटरपर्यंत उंची दाखवणारे नवे ‘बिव्हूआक’ सादर झाले. २०२३ मध्ये मालकी एथॉस या भारतीय घड्याळविक्रेत्या कंपनीच्या समूहाकडे गेली. घड्याळे मात्र आजही स्वित्झर्लंडमध्येच बनतात.