लोकप्रिय चित्रकथा आणि त्यांची योग्यता

ज्या पुस्तकाचा खप मोठा त्याची योग्यता लहान, अशी एक समजूत आम्हां सुशिक्षितांत रूढ आहे. चित्रकथांच्या बाबतींत तर पुस्तक उघडण्यापूर्वींच हा निकाल देऊन आम्ही मोकळे होतों. तो कितपत न्याय्य आहे, हें ‘अमर चित्रकथा’ या मालेच्या इतिहासावरून चांगलें पाहतां येतें.

सन १९६७ मध्यें मुंबईच्या इंडिया बुक हाऊसनें ही माला काढली. तिचे संपादक अनंत पै. दिल्लीस दूरचित्रवाणीवरील प्रश्नोत्तरांच्या एका कार्यक्रमांत मुलांनीं ग्रीक पुराणांतील प्रश्न सहज सोडविला, परंतु रामाच्या आईचें नांव त्यांस सांगतां आलें नाहीं. तें पाहून आपणांस ही कल्पना सुचली, असें पै सांगत असत. तथापि मालेचे पहिले दहा अंक पाश्चात्त्य कथांचेच होते. ‘कृष्ण’ हा अकरावा. आणि तेथून मालेनें आपली खरी वाट धरली. पुढें तींत चारशेंहून अधिक कथा निघाल्या, मराठीसह अनेक भाषांत भाषांतरें झालीं, आणि एकंदर खप नऊ कोटींच्या वर गेल्याचें प्रकाशक सांगतात.

एवढा खप केवळ रंगांच्या भडकपणावर मिळत नाहीं. बत्तीस पृष्ठांत एक चरित्र बसवावयाचें, म्हणजे कोणता प्रसंग घ्यावा व कोणता गाळावा याचा कठोर विवेक करावा लागतो. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारखे कसलेले चित्रकारही मालेस लाभले. त्यांनीं काढलेलीं देवादिकांचीं रूपें आमच्या डोळ्यांस अगदीं नवीं नव्हतीं. सन १८७८ मध्यें निघालेल्या पुण्याच्या चित्रशाळेनें आणि सन १८९४ मध्यें मुंबईस निघालेल्या रविवर्म्याच्या छापखान्यानें तशीं रूपें आमच्या भिंतींवर आधींच आणून लाविलीं होतीं. भिंतीवरचें चित्र या मालेनें चालतें-बोलतें केलें, हेंच तिच्या लोकप्रियतेचें मर्म.

परंतु जें तिचें बळ तेंच तिचें वैगुण्य. रामकथा आमच्या देशांत एक नाहीं. वाल्मीकीची निराळी, कंबनाची निराळी, एकनाथांची निराळी. कीर्तनांत किंवा आजीच्या तोंडून ती ऐकतांना मूल आपला राम आपणच कल्पीत असे. छापील चित्र ती मुभा ठेवीत नाहीं. शिवाय या मालेंत वीर पुष्कळदां गोरा व देखणा, आणि राक्षस काळा व धिप्पाड. बालवाचक मजकुराशीं एखादे वेळीं वाद घालील. चित्राशीं घालीत नाहीं. आपल्याच वर्णाचा राक्षस पाहणाऱ्या मुलाच्या मनांत काय येत असेल, हा प्रश्न आम्हीं कधीं विचारला काय? उलटपक्षीं, सन १९७९ मध्यें बाबासाहेब आंबेडकरांचें चरित्र याच मालेनें मुलांच्या हातीं दिलें, हेंही विसरून चालणार नाहीं.

तात्पर्य, खपावरून योग्यता ठरत नाहीं. पण खपामुळें योग्यतेची परीक्षा अधिक अगत्याची होते. पांचशें वाचकांच्या ग्रंथांतील चूक पंडितांच्या वादांत जिरून जाते. घरोघर गेलेल्या चित्रांतील चूक एका पिढीची स्मृति होऊन बसते. आम्ही मोठ्या ग्रंथांचीं परीक्षणें लिहीत बसलों, आणि आमचीं मुलें जें वाचीत होतीं त्याकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं. हा दोष चित्रकारांचा नव्हे, आमचा आहे. चित्रकथा मुलांस खुशाल द्यावी; मात्र ती वाचून मिटल्यावर, तींत न मावलेली कथा सांगावयास आपण शेजारीं बसावें.