खिडक्या व दारे, ऊर्जाबचतीची : मुदखेड आणि मराठवाडा

ऊन बाहेर थोपवणे, गार हवा हवी तेव्हा आत घेणे आणि दिवसा दिवा लावण्याची वेळ येऊ न देणे, ही तिन्ही कामे जी खिडकी किंवा जे दार विजेवाचून करते, त्याला ऊर्जाबचतीचे म्हणावे. थंड देशांत घरातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी घट्ट बंद ठेवण्यावर भर असतो. मराठवाड्यातली गरज उलटी आहे. नांदेड जिल्ह्यातील मुदखेड हे तालुक्याचे गाव आणि रेल्वे जंक्शन सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्यात येथे दुपारी पारा ४२ ते ४४ अंशांपर्यंत चढतो आणि पहाटे २७ अंशांच्या आसपास उतरतो. दिवसरात्रीतला हा १५-१७ अंशांचा फरक हेच येथल्या घराचे खरे भांडवल आहे. ते पदरात पडते की नाही, हे खिडकी-दार कुठे व कसे बसवले यावर ठरते.

जुन्या घरांनी हे गणित भिंतीच्या जाडीने सोडवले होते. दगड आणि पांढऱ्या मातीच्या दोन-तीन फुटी भिंती, वर लाकडाच्या किलचांवर मातीचे माळवद, रस्त्याच्या बाजूला जवळपास बंद दर्शनी भिंत आणि आत चौक, अशी ही रचना. खिडक्या थोड्या, लहान आणि लाकडी झडपांच्या असत. उजेडासाठी माळवदात सवणे ठेवलेले असे. दिवसभराचे ऊन भिंतीतून झिरपत आत पोचेपर्यंत रात्र होई, आणि तोवर माणसे अंगणात किंवा माळवदावर झोपायला गेलेली असत. दारे जाड सागवानी फळ्यांची असत. सागवान लांबून आणावे लागत नसे, कारण किनवटचे सागाचे जंगल याच जिल्ह्यात आहे आणि मुदखेडहून आदिलाबादला जाणारी रेल्वे भोकर, हिमायतनगर करत त्या किनवटवरूनच जाते. उन्हाळ्यात सधन घरी खिडकीला वाळ्याचे ताटे लावून त्यावर पाणी शिंपडत. खिडकीतून येणारी हवा गार करण्याचा हा उपाय कूलरच्या कितीतरी आधीचा आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने या घरांवरचा विश्वास संपवला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली ती मुख्यतः कच्च्या जोडणीच्या दगडी भिंती आणि डोईजड माळवदाखाली सापडून. त्यानंतर मराठवाडाभर विटांच्या किंवा ब्लॉकच्या सहा ते नऊ इंची भिंती आणि वर सिमेंटचा स्लॅब हीच घराची रीत झाली. जीव वाचवण्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण पातळ भिंत दुपारचे ऊन संध्याकाळीच आत सोडते आणि स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धगधगत राहतो. जी उष्णता पूर्वी भिंत जिरवत असे, तिचा भार आता छताच्या लेपावर आणि खिडक्यांवर आला. भूकंपाचा धडा खिडकीलाही लागू आहे. एकमजली घरात एका भिंतीतल्या सगळ्या दारे-खिडक्यांची मिळून रुंदी भिंतीच्या लांबीच्या निम्म्यावर जाऊ नये, चौकट कोपऱ्यापासून निदान दीड फूट दूर असावी आणि लिंटेलचा पट्टा घरभर सलग फिरावा.

कोणती दिशा किती तापते, हे या अक्षांशावर नेमके सांगता येते. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य मुदखेडच्या थेट डोक्यावर येतो. २२ डिसेंबरला तो दक्षिणेकडे कलून ४७ अंशांवरच राहतो. म्हणून दक्षिणेची खिडकी सांभाळायला सोपी. चार फूट उंच खिडकीवर दीड फुटाचा छज्जा असला, तर मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत भर दुपारचे ऊन काचेला शिवत नाही, आणि थंडीत मात्र खालचे दोन-सव्वादोन फूट ऊन खोलीत येते. उत्तरेची खिडकी वर्षभर मऊ उजेड देते. तरी मे-जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेकडून उगवतो व तसाच मावळतो, त्यामुळे सकाळी आणि संध्याकाळी तिच्यावर तिरपे ऊन पडते. तेथे छज्ज्यापेक्षा बाजूची उभी फळी कामाची. खरी अडचण पश्चिमेची आहे. मे महिन्यात सव्वाचार वाजता सूर्य क्षितिजापासून ३४ अंशांवर, जवळपास समोरासमोर असतो. ते ऊन छज्ज्याने अडवायचे तर छज्जा सहा फूट हवा, आणि तसा कोणी बांधत नाही. पश्चिमेला खिडकी लहान ठेवावी, बाहेरून झडप, बांबूची चटई किंवा वेल द्यावा. जमल्यास त्या बाजूला जिना, न्हाणीघर किंवा कोठीची खोली घ्यावी.

काचेच्या दुकानात ग्राहकाला दोन आकडे ऐकू येतात आणि त्यांतला चुकीचाच जास्त भाव खातो. पहिला यू-मूल्याचा. आतल्या-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर काचेतून किती वॅट उष्णता वाहते, ते हा आकडा सांगतो. साध्या एकेरी काचेचे यू-मूल्य सुमारे ५.८ असते, मध्ये हवेचा थर असलेल्या दुहेरी काचेचे २.८ च्या आसपास. दुसरा आकडा एसएचजीसी : काचेवर पडलेल्या उन्हाचा किती भाग उष्णता होऊन आत येतो, त्याचा. साध्या काचेत तो ०.८ च्या वर असतो. आता चार फूट बाय चार फूट, म्हणजे दीड चौरस मीटरची पश्चिमेची उघडी खिडकी घ्या. बाहेर ४२ आणि आत ३२ अंश असताना तिच्या एकेरी काचेतून तापमानातल्या फरकामुळे येणारी उष्णता ८५-९० वॅट भरते. त्याच वेळी थेट उन्हाची उष्णता ५०० ते ७०० वॅट, म्हणजे खोलीत विजेची एक शेगडी पेटती ठेवल्यासारखी. साधी दुहेरी काच पहिला आकडा निम्म्यावर आणते, दुसऱ्याला फारसा धक्का लावत नाही. बाहेरची साधी बांबूची चटई दुसऱ्याचा मोठा भाग कापते. आतला पडदा एवढे करू शकत नाही, कारण तोवर ऊन काच ओलांडून आलेले असते.

काळी काच आणि काळी फिल्म मुदखेड-नांदेडात घरोघरी दिसते. ती ऊन शोषून स्वतः तापते आणि त्यातली बरीच उष्णता आत सोडते. उजेड मात्र भरपूर खाते, मग दिवसा ट्यूब लागते. पैसे घालायचेच तर ०.३ ते ०.५ एसएचजीसीची, ऊन परतवणारा लेप असलेली काच घ्यावी आणि ती किती उजेड आत सोडते हेही विचारावे. खिडक्यांचे क्षेत्र भिंतींच्या ३० टक्क्यांपर्यंत असेल, तर काचेने निदान २७ टक्के उजेड आत सोडावा, असे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या ‘इको निवास संहिता २०१८’ मध्ये म्हटले आहे. दुहेरी काचेचा खर्च रोज तासन्‌तास एसी चालणाऱ्या खोलीतच भरून निघतो.

मराठवाड्यातली बहुतेक घरे एसीवर नव्हे, कूलरवर उन्हाळा काढतात, आणि कूलरला बंद घर चालत नाही. कूलर जेवढी हवा आत ढकलतो तेवढी समोरच्या बाजूने बाहेर जायला हवी. नाही तर तासाभरात खोली दमट आणि चिकट होते. म्हणून कूलरच्या खिडकीसमोर दुसरी खिडकी किंवा वरचा व्हेंटिलेटर असलाच पाहिजे. रात्री घर निववायलाही तीच जोडी लागते. संहितेने उष्ण-कोरड्या हवामानात चटई क्षेत्राच्या १० टक्के आणि संमिश्र हवामानात १२.५ टक्के जागा उघडता येणारी असावी, असा किमान दंडक घातला आहे. शंभर चौरस फुटांच्या खोलीला हे माप लावले, तर दहा ते साडेबारा चौरस फूट लागतात. चार बाय चारची सरकती खिडकी निम्मीच उघडते, म्हणजे आठ फूट मिळतात. थ्री-ट्रॅक घेतली आणि एक झडप डासांच्या जाळीची असली, तरी हिशेब तोच. त्याच चौकटीत बिजागऱ्यांच्या झडपा बसवल्या, तर चौदा फुटांहून जास्त जागा मोकळी होते. सरकती खिडकी स्वस्त आणि सुटसुटीत म्हणून गेल्या काही दशकांत सगळीकडे बसली. झोपण्याच्या खोलीत ती घेऊ नये, असे स्पष्टपणे सांगायला हवे.

चौकटीच्या साहित्यात अॅल्युमिनियम उष्णता सर्वाधिक वाहून नेते, लाकूड आणि यूपीव्हीसी सर्वांत कमी. यूपीव्हीसी घेताना आत जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी गाभा आहे का, हे पाहावे आणि रंग पांढराच घ्यावा. गडद पट्टी मेच्या उन्हात वाकते. गडद ग्रॅनाइटची चौकट टिकाऊ खरी, पण पश्चिमेला ती संध्याकाळी हात लावू देत नाही. लाकूड मेमध्ये आकसते आणि श्रावणात फुगते, म्हणून उन्हाळ्यात अगदी चपखल बसवलेले दार पावसाळ्यात घासते. जाणता सुतार तेवढी फट आधीच ठेवतो.

बाहेर जाण्याच्या वाटेवर दोन दारे लावावीत. बाहेरचे मुख्य दार भरीव लाकडाचे असावे. पश्चिमेच्या पत्र्याच्या दाराला बाहेरून पांढरा रंग आणि वर पडवी हवी. मुख्य दाराच्या जोडीला जाळीचे, आतून भक्कम कडी असलेले दुसरे दार लावले, तर रात्रभर हवा मिळते आणि चोरा-डासांची काळजीही राहत नाही. उंबरठ्याखालच्या आणि झडपांच्या फटींना रबरी पट्टी लावावी. दुपारची झळ आणि धूळ तेथूनच शिरते.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला मैदानी भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचे असते. त्या पैशांत लेपाची काच बसत नाही. पण समोरासमोर दोन खिडक्या, छज्जा आणि पश्चिमेची बंद भिंत बसते. संहितेचा पहिला भाग ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी इमारतींसाठी आहे. मुदखेडमधली बहुतेक घरे त्याहून लहान जागेवर उभी राहतात. तेथे खिडकीची दिशा आणि माप तपासायला कोणी येणार नाही. चौकटी भिंतीत जाण्याआधी घरमालकानेच गवंड्याबरोबर उभे राहून ती ठरवावीत.