किल्ली कुणाकडे? डिस्कच्या कुलपाचा छोटा इतिहास

रात्री अपडेट होऊन फोन आपोआप बंद-चालू झाला, की सकाळी तो बोटाचा ठसा मानत नाही. पिनच मागतो. तेवढ्यात कुणाचा कॉल आला तर नाव दिसत नाही, नुसता नंबर दिसतो. नावांची यादी अजून कुलपात असते ना! दहाएक वर्षांपूर्वी तर याहून पंचाईत होती. तेव्हाच्या अँड्रॉइडवर अख्खी साठवण एकाच कुलपात बंद करता यायची, आणि सुरू होतानाच पिन मागणारा फोन रात्री बंद-चालू झाला तर पिन टाकेपर्यंत सकाळचा अलार्मही वाजायचा नाही. २०१६ साली अँड्रॉइड ७ आलं आणि साठवणीचे दोन कप्पे झाले: एक फोन सुरू होताच उघडणारा, दुसरा पिन टाकल्यावर उघडणारा. अलार्म पहिल्या कप्प्यात आला आणि लोक वेळेवर उठू लागले.

वालीवमधल्या आमच्या घरात टीव्हीच्या मागे एक जुना डेस्कटॉप आहे. त्यावर लिनक्स आहे, डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे, आणि त्यात घरचे फोटो, आजोबांचे सातबाऱ्याचे कागद, बाबांच्या दवाखान्याच्या फाइली असं सगळं आहे. मी नोकरीसाठी पुण्यात. वीज गेली आणि परत आली, की तो डेस्कटॉपही तुमच्या फोनसारखाच अडून बसतो: आधी पासवर्ड सांगा. फरक इतकाच, की फोन तुमच्या हातात असतो आणि डेस्कटॉप दीडशेएक किलोमीटर लांब. हे कोडं सोडवताना मला या कुलपाचा इतिहास वाचावा लागला. तो थोडक्यात असा.

अमेरिकेत १९७७ साली डीईएस ही सरकारी प्रमाण पद्धत झाली. तिची किल्ली ५६ बिटांची. १९९८मध्ये एका नागरी हक्क संस्थेनं खास यंत्र बांधून ते कुलूप तीन दिवसांच्या आत फोडून दाखवलं. तोवर नव्या पद्धतीसाठी खुली स्पर्धा सुरू झाली होती. ती दोन बेल्जियन संशोधकांनी, डामेन आणि राइमेन यांनी, जिंकली आणि नोव्हेंबर २००१मध्ये एईएस प्रमाण झाली. आज तुमच्या फोनमध्ये, बँकेच्या अ‍ॅपमध्ये आणि आमच्या डेस्कटॉपमध्ये बहुतेक तीच चालते. थोडक्यात, मजबूत कुलूप कसं बनवायचं हा प्रश्न वीसेक वर्षांपूर्वीच बऱ्यापैकी सुटला. राहिला तो किल्लीचा.

लिनक्समध्ये हे कुलूप उशिरा आलं, कारण अमेरिकेत एन्क्रिप्शनच्या निर्यातीवर युद्धसामग्रीसारखे निर्बंध होते. ते जानेवारी २०००मध्ये सैल झाले. तोवर लिनक्सचा एन्क्रिप्शनचा भाग अमेरिकेबाहेरून वेगळा वाटला जायचा आणि ज्याला हवा त्यानं तो स्वतः जोडून घ्यायचा. मुख्य लिनक्समध्ये ही सोय २००२च्या अखेरीस शिरू लागली आणि मार्च २००४मध्ये डीएम-क्रिप्ट आलं. डिस्कवर जाणारा प्रत्येक तुकडा वाटेतच कुलपात घालणारा हा थर आजही तेच काम करतो.

पण सुरुवातीच्या रचनेत एक अडचण होती. तुमच्या पासवर्डपासूनच थेट किल्ली बनायची. पासवर्ड बदलायचा तर किल्ली बदलणार, आणि किल्ली बदलली तर अख्खी डिस्क पुन्हा कुलपात घालावी लागणार. घरात दोघांना उघडायची असेल, तर दोघांना एकच पासवर्ड ठाऊक हवा. क्लेमेन्स फ्रुहविर्थ यानं २००४-०५च्या सुमारास यावर जी तोड काढली, तिचं नाव लक्स.

लक्सची कल्पना आपल्या घरातली वाटावी अशी आहे. खरी किल्ली मशीन स्वतःच बनवतं आणि ती कुणालाच सांगत नाही. ती डिस्कच्या सुरुवातीला छोट्या छोट्या कप्प्यांत ठेवलेली असते आणि प्रत्येक कप्पा वेगळ्या पासवर्डनं उघडतो. पहिल्या आवृत्तीत असे ८ कप्पे होते. माझा पासवर्ड एक कप्पा उघडतो, बहिणीचा दुसरा. आत दोघांना सापडते ती एकच किल्ली. बहिणीचा पासवर्ड रद्द करायचा तर फक्त तिचा कप्पा पुसायचा, बाकी डिस्कला हात लावायचा नाही. पुसलेलं खरंच पुसलं जावं म्हणून किल्ली हजारो पट फुगवून, पसरवून लिहिलेली असते. त्यातला थोडा भाग गेला तरी ती पुन्हा जुळत नाही. याची दुसरी बाजूही आहे. डिस्कच्या सुरुवातीचा तो छोटा भाग खराब झाला, तर पासवर्ड तोंडपाठ असूनही सगळं गेलं. म्हणून त्या भागाची प्रत बाहेर काढून ठेवतात.

किल्ली कुणाकडे असावी, यावर आपल्या सरकारचंही मत होतं. १९९८नंतर खाजगी कंपन्यांना इंटरनेट सेवेचे परवाने मिळाले, त्यांत अट होती की त्या जाळ्यावर परवानगीशिवाय ४० बिटांपर्यंतचीच किल्ली वापरावी. त्याहून मोठी हवी असेल तर लेखी परवानगी घ्या आणि उलगडायची किल्ली दोन भागांत सरकारकडे जमा करा. ४० बिट म्हणजे साधारण १.१ लाख कोटी शक्यता. सेकंदाला १ कोटी किल्ल्या लावून पाहणारं यंत्र त्या सगळ्या तीसेक तासांत संपवतं. ही अट तुमच्या घरातल्या डिस्कला नव्हती, पण विचार कळतो. सप्टेंबर २०१५मध्ये केंद्र सरकारनं एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आणला. त्यात नागरिकांनी आपले संदेश ९० दिवस साध्या, वाचता येतील अशा रूपात जपून ठेवावेत असं होतं. गदारोळ झाला आणि मसुदा लगेच मागे घेतला गेला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ मात्र आजही आहे: कायदेशीर आदेश आला आणि उलगडून द्यायला नकार दिला, तर ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता आमच्या डेस्कटॉपकडे येऊ. इथे कुलपाच्या जोडीला वाटेचाही प्रश्न आहे. वसईकरांना हे वेगळं सांगायला नको. मे १७३९मध्ये वसईचा किल्ला चिमाजी अप्पांच्या फौजेनं घेतला तो सुरुंगांनी तट फोडून. पण त्याआधी वाटा आवळल्या गेल्या होत्या. ठाणं १७३७मध्येच पोर्तुगिजांच्या हातून गेलं होतं आणि १७३९च्या सुरुवातीला माहीम, केळवे, तारापूर अशी आसपासची ठाणी एकेक करून मराठ्यांकडे आली. तट मजबूत असणं आणि आत-बाहेर येण्याजाण्याची वाट शाबूत असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वालीवमध्ये वीज जाणं नवीन नाही. पावसाळ्यात तर धरूनच चालायचं. वीज आली की मशीन आपोआप सुरू होतं, पण डिस्क बंद असल्यामुळे लिनक्स अजून उठलेलंच नसतं. उठलेली असते ती फक्त त्याच्या आधीची एक छोटी तात्पुरती व्यवस्था. हिचं काम एवढंच: पासवर्ड घेणं, डिस्क उघडणं आणि बाजूला होणं. ड्रॉपबेअर नावाचा अगदी हलका प्रोग्रॅम तिच्यात बसवला, की तिच्याशी लांबून बोलता येतं आणि पासवर्ड पाठवता येतो.

गाडी अडते ती इथून पुढे. या तात्पुरत्या व्यवस्थेत नेटवर्क कार्डाचं नाव एक असतं आणि पूर्ण लिनक्स उठल्यावर दुसरंच. २०१३पासून लिनक्समध्ये कार्ड कुठल्या खाचेत बसलंय त्यावरून नाव ठरू लागलं, आणि ते नाव बऱ्याचदा नंतरच पडतं. एका नावावर लिहिलेली सेटिंग दुसऱ्या नावाला लागत नाहीत. वायफाय तर इथे जवळजवळ विसराच, केबल लावा. त्यात माझा लॅपटॉप लाल अक्षरांत ओरडतो, की समोरच्या मशीनची ओळख बदलली आहे, कुणीतरी सोंग घेतलं असेल. खरं तर एकाच पत्त्यावर दोन व्यवस्था राहतात, कुलूप उघडण्याआधीची आणि नंतरची, आणि दोघींची ओळख वेगळी असते. दोघींना वेगळं पोर्ट दिलं की ओरडणं थांबतं. तपासायचा क्रमही त्यातूनच मिळतो. पहिलं पोर्ट बोललं तर डिस्क बंद आहे, दुसरं बोललं तर उघडी. दोन्ही गप्प असतील तर डिस्कच्या वाटेला जाऊ नका; वीज, केबल, राउटर पाहा.

शेवटची अडचण पत्त्याची. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जेमतेम ४२९ कोटी, आणि त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११मध्ये वाटून संपला. तेव्हापासून अनेक कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच पत्ता देतात, आमचंही घर त्यातलंच. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही. यावर उपाय म्हणून लोक घरच्या मशीनमधूनच बाहेरच्या एखाद्या सर्व्हरपर्यंत खाजगी बोगदा काढतात. २०२०पासून लिनक्समध्येच असलेलं वायरगार्ड त्यासाठी उत्तम आहे. पण माझ्या मशीनवर त्या बोगद्याची सेटिंग कुठे? बंद डिस्कमध्ये! म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच.

म्हणून राउटरशेजारी एक रास्पबेरी पाय ठेवला. त्याच्यावर घरचा काहीच डेटा नाही, त्यामुळे त्याला कुलूपही नाही. वीज आली की तो आधी उठतो, बोगदा जोडतो आणि मला दारापर्यंत नेऊन सोडतो. अँड्रॉइडनं अलार्म बाहेरच्या कप्प्यात ठेवला, तसंच हे. हाच पाय स्वतः डिस्क उघडेल अशीही सोय करता येते. तशी केली तर एकटा डेस्कटॉप चोरणाऱ्याला काहीच मिळणार नाही, पण दोन्ही उचलणाऱ्यासाठी दार आपोआप उघडेल. मी ती केली नाही. पासवर्ड हातानंच टाकतो.

हे सगळं चालू झाल्यावर बाबांना दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अरे, पण तू नसलास तर हे कोण उघडणार?"

या प्रश्नाला तंत्रज्ञानात नवीन काही शोधावं लागत नाही, कारण लक्सच्या कप्प्यांमागे हाच प्रश्न आहे. मी दुसरा कप्पा उघडला आणि त्याला सहा साध्या मराठी शब्दांचा पासवर्ड दिला. ते शब्द फासे टाकून निवडले, कारण माणसानं मनानं निवडलेले शब्द ओळखता येतात. कागदावर देवनागरीत शब्द, खाली रोमन स्पेलिंग, कारण त्या काळ्या पडद्यावर मराठी कीबोर्ड नसतो. सोबत डिस्कच्या सुरुवातीच्या भागाची प्रत असलेला एक पेनड्राइव्ह आणि चार ओळींत कृती. पाकीट आईबाबांच्या जोड लॉकरमध्ये गेलं, जिथे आजीच्या पाटल्या आहेत. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी दागिने काढायला आई लॉकरवर जाते, तेव्हा ते पाकीटही घरी आणायचं आणि त्या पासवर्डनं डिस्क उघडते का ते पाहायचं, असं ठरलंय. मागच्या दिवाळीला आईनं ते शब्द स्वतः टाइप केले. चौथ्या शब्दाचं स्पेलिंग तिला पटलं नाही, पण डिस्क उघडली.

तुमच्या फोनमध्येही हेच सगळं आहे: फोटो, कागद, हिशेब. कुलूप मजबूत आहे, त्याची काळजी नको. दुसरा कप्पा कुणाच्या नावे ठेवायचा, ते मात्र घरात बसून एकदा ठरवा.