माहुलीच्या उतारावर : १६३६ चा तह आणि सिद्धगडाचा मुलूख

सिद्धगडाचे नाव निघाले की मुरबाड-कर्जतकडील माणसाला २ जानेवारी १९४३ ची पहाट आठवते. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील त्या दिवशी तेथे हुतात्मा झाले, आणि गडाची ती ओळख रास्तच आहे. पण शहापूर-मुरबाडच्या याच डोंगराळ मुलखात त्याआधी सुमारे तीनशे वर्षे एका मोठ्या तहाचा शेवटचा अंक पार पडला होता. शालेय पुस्तकांत तो ‘माहुलीचा तह’ म्हणून दोन ओळींत येतो. या नावातच थोडी गफलत आहे, असे आम्हांला वाटते.

खरा तह झाला तो १६३६ च्या मे महिन्यात, शाहजहान आणि मुहम्मद आदिलशहा यांच्यात. १६३३ मध्ये दौलताबाद पडले, हुसेन निजामशहा कैद झाला. तरीही शहाजीराजांनी पेमगिरीवर मुर्तजा नावाच्या कोवळ्या मुलाला गादीवर बसवून निजामशाही जिवंत ठेवली होती. ती संपवण्यासाठी बादशहा स्वतः दक्षिणेत उतरला. त्याचा वकील मुकर्रमतखान विजापुरात बोलणी करीत असतानाच मोगली फौजा आदिलशाही मुलूख उद्ध्वस्त करीत होत्या. विजापूरकरांनीही शत्रूला पाणी मिळू नये म्हणून शहराबाहेरील शहापूरचा तलाव रिकामा केला. वाटाघाटी आणि जाळपोळ एकाच वेळी, एकाच हेतूने चालू शकतात, हे त्या काळच्या मुत्सद्द्यांना कोणी शिकवावे लागत नव्हते.

अटी स्पष्ट होत्या. आदिलशहाने बादशहाचे वर्चस्व मानावे, वीस लाख रुपये पेशकश द्यावी. निजामशाही नाहीशी करून तिचा मुलूख दोघांनी वाटून घ्यावा. परांडा, सोलापूर, भीमा-नीरेच्या मधला प्रदेश आणि कल्याणसह कोकण विजापूरच्या वाट्याला आले. एकमेकांचे सरदार फोडायचे नाहीत, असेही ठरले. आणि आणखी एक कलम होते: जुन्नर, त्र्यंबक वगैरे किल्ले मोगलांच्या हवाली केल्याशिवाय शहाजीला आदिलशहाने चाकरीत घेऊ नये. म्हणजे ज्याच्याशी लढाई चालू होती तो तहातला पक्ष नव्हताच. तो तहातले एक कलम होता.

पुढचे महिने त्या कलमाच्या अंमलबजावणीचे. मोगलांचा खानजमान आणि विजापूरचा रणदुल्लाखान, कालचे शत्रू, आता मिळून पाठलागावर होते. शहाजीराजे घाट उतरून कोकणात आले, पोर्तुगीजांकडे आश्रय मागून पाहिला, तो मिळाला नाही, आणि अखेर ते शहापूरजवळच्या माहुलीवर चढले. वेढा पडला. त्यांनी मोगल बादशहाची चाकरी मागितली. शाहजहानने ती नाकारली, करायची तर आदिलशहाची करा असे कळवले. इतका कर्तबगार माणूस पदरी ठेवण्यापेक्षा मित्राच्या पदरी बांधणे त्याला सोयीचे वाटले असावे.

लाहोरीच्या ‘बादशाहनाम्या’त या शरणागतीचा एक तपशील आहे, आणि आमचे मन त्यावर वारंवार रेंगाळते. शहाजीराजे बाल निजामाला घेऊन गडाबाहेर आले आणि रणदुल्लाखान त्यांना निम्म्या उतारावर भेटला. पराभूताने पायथ्यापर्यंत यायचे नाही आणि विजेत्याने दरवाजापर्यंत चढायचे नाही, असा हा संकेत आम्ही वाचतो. हरलेल्याची प्रतिष्ठा राखण्याचे एवढे भान त्या डोंगरउतारावर होते. पुढे कर्नाटकाच्या मोहिमांत हेच दोघे एकत्र निघाले, हे अकारण घडले नसावे.

मुर्तजाच्या वाट्याला मात्र अर्धा उतारही आला नाही. आदिलशहाच्या हुकमाने रणदुल्लाखानाने त्याला खानजमानच्या स्वाधीन केले. तेथून ग्वाल्हेरचा किल्ला. अहमदनगर पडल्यावर १६०० मध्ये बहादूर निजामशहा तेथेच गेला होता, नंतर हुसेन. एकाच घराण्याचा हा तिसरा कैदी. दोन राज्यांमधली शांतता एका मुलाच्या जन्मठेपेवर उभी राहिली, आणि त्या मुलाला कोणीही काही विचारलेले नव्हते.

किल्ल्यांची यादी नकाशावर मांडून पाहावी. जुन्नर, जीवधन, चावंड, हडसर, हरिश्चंद्रगड, त्र्यंबक, त्रिंगलवाडी हे सारे खानजमानकडे गेले. जीवधन नाणेघाटाच्या माथ्यावर आहे, चावंड-हडसर त्याच वाटेने पुढे जुन्नरच्या अंगाला, हरिश्चंद्रगड माळशेजच्या वर. मुरबाडमधून घाटावर चढणाऱ्या वाटांचे माथे असे मोगलांचे झाले आणि पायथ्याचे कोकण आदिलशाहीचे. सह्याद्रीची धार हीच सीमा ठरली. कल्याण बंदराचा माल ज्या नाणेघाटाने शतकानुशतके जुन्नरला चढत होता, त्या घाटाचे वरचे तोंड एका राज्यात आणि खालचे दुसऱ्या राज्यात गेले. विजापूरहून हे उत्तर कोकण फार दूर होते आणि तिथला अंमल कधी घट्ट बसलाच नाही.

तह वीस वर्षे टिकला. सतराव्या शतकाच्या मानाने हे आयुष्य कमी नव्हे, आणि त्या काळात आदिलशाहीने दक्षिणेकडे आपला सर्वांत मोठा विस्तार करून घेतला. नोव्हेंबर १६५६ मध्ये मुहम्मद आदिलशहा वारला. त्याचा वारस अली हा खरा पुत्रच नव्हे, असा आक्षेप काढून मोगलांनी चढाई केली. बीदर आणि कल्याणी घेतली. १६५७ मध्ये पुन्हा तह, त्यात परांड्याबरोबर कोकणचे किल्लेही विजापूरने सोडायचे ठरले. ते कोणी ताब्यात घ्यायच्या आत शाहजहानच्या आजाराची बातमी आली, औरंगजेब उत्तरेकडे वळला आणि शहाजीराजांच्या मुलाने कल्याण-भिवंडी घेतली. पाठोपाठ माहुलीही.